भोयरजी आणि तीन धाकल्या मालकीणबाई

भोयरजी पडक्या घरातसुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

आता पडकं म्हणजे किती पडकं? पुढच्या दाराला दार नव्हतं, चौकट नव्हती, दिवाणखान्याला छप्पर नव्हतं आणि मधोमध एक कडुलिंब चांगला पुरुषभर उंच झाला होता. तरी हा गृहस्थ पायरीशी चपला काढायचा, टोपी सारखी करायचा आणि आत तोंड करून हाक द्यायचा, "कोणी आहे का जी घरात?" आणि मग उभा. आतून कोणी "या" म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आतून म्हणणार कोण? वटवाघळं? ते काम माझ्याकडे होतं. बाजूच्या भगदाडातून मी आत शिरायचं, बोरीच्या काट्यांनी सदरा फाडून घ्यायचा, कडुलिंबाखाली उभं राहायचं आणि ओरडायचं, "या जी, या, बसा!" मग भोयरजी मान जराशी लववून आत यायचे आणि वर मलाच सुनवायचे, "आज आवाज बारीक निघाला जी तुमचा. घरवाल्याचा आवाज कसा भरदार पाहिजे!"

मला असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. आठवडाभर सचिवालयात फायलींची धूळ खायची आणि रविवारी या बंगल्याची. त्यातून ते दिवस राजधानी जाण्याचे. नागपूरची राजधानी मोडणार हे नक्की झालं होतं. आज याची बदली भोपाळला, उद्या त्याची मुंबईला, हीच बोलणी जेवताना, झोपताना. ऑफिसातली कपाटंसुद्धा दोरखंडांनी बांधून ठेवलेली. अशा वेळी माणसाने रविवारी आडवं व्हावं, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारावं, गप पडावं. पण शेजार भोयरजींचा. सकाळीच आमच्या उघड्या दारात उभे. मी समोर खाटेवर बसलेला दिसतोय, तरी, "कोणी आहे का जी घरात?"

"नाही!" असं मी एकदा खरंच म्हणालो. तर परत गेले. आमच्या हिने मला दिवसभर फैलावर घेतलं आणि संध्याकाळी मलाच त्यांच्याकडे भाजीची वाटी घेऊन पाठवलं.

भोयरजी एकटे राहायचे. लग्न केलं नाही. काहून नाही केलं म्हटलं की म्हणायचे, "राहून गेलं जी." आमच्याच ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ते होते, पण त्याआधी बरीच वर्षं कचेरीत साक्षीदारांचे जबाब उतरवून घेण्यात गेली होती. तिथून तो 'बयान' शब्द त्यांच्या जिभेला चिकटला तो चिकटलाच. चहा पांचट झाला असं मी म्हटलं की हे चहावाल्याकडे वळून, "हे यांचं बयान झालं. तुमचं बयान काय?" आमची ही म्हणाली, आज वांगी महाग आहेत, तर हे भाजीवालीचं बयान घ्यायला निघाले. भाजीवालीने दोघांनाही ऐकवलं.

तर बंगल्याकडे येतो. इतवारीहून छोट्या लाइनीची गाडी पकडायची. ती इतकी सावकाश चालते की उतरून चालत गेलं तर थकवा कमी येईल, असं माझं बयान आहे. उमरेडच्या अलीकडे उतरायचं आणि पऱ्हाटी-कपाशीच्या शेतांतून उन्हात तंगडतोड. गावाचं नाव सांगत नाही, बंगला ज्याचा त्या मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, वारस आहेत अजून. मालगुजारी गेल्यावर ते नागपुरात येऊन राहिले आणि बंगला पडत गेला.

हा बंगला थोरल्या मालकांनी एका गोऱ्या साहेबाच्या शिकारीसाठी बांधला. साहेब येणार म्हणून गोल खांब, रंगीत काचा, नि थेट कलकत्त्याहून आणवलेला अंघोळीचा पांढरा टब. साहेब आला, डाकबंगल्यावर उतरला, शिकार करून गेला. इकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या टबात आता गावातले लोक बैलांसाठी सरकीची ढेप भिजवायचे. भोयरजींना याचं फार दुःख. मी म्हटलं, "अहो, साहेबापेक्षा बैल बरे. निदान आले तरी." त्यावर ते गाडी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

या घराण्याची वंशावळ काढायचा त्यांना ध्यास. आणि ती कागदावर नाही हो, बंगल्याच्याच ओसरीतल्या भिंतीवर, कोळशाने!

"कागदावर काहून नाही काढत?" मी विचारलं.

"ज्याचं घर, त्याच्या भिंतीवर पाहिजे जी. आपण कोण घेऊन जाणारे?"

म्हणजे पावसाळ्यात ती धुऊन जायची आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून काढायची. कोळसा दळायला नि खापरात कालवायला अर्थात मी.

मूळ पुरुष, त्याची मुलं, थोरले मालक, धाकले मालक, सगळे आपापल्या जागी बसायचे. गाडी अडायची ती धाकल्या मालकांच्या बायकोपाशी. कारण धाकल्या मालकांनी तीन लग्नं केली. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. आणि गावाच्या लेखी त्या तिघीही 'धाकल्या मालकीणबाई'. झालं! कोणी सांगे, धाकल्या मालकीणबाईंनी मुनीमजींच्या डोक्यात जेवतं ताट घातलं. कोणी सांगे, अहो देवमाणूस, गुराख्यांच्या पोरांना दारात बसवून जेवू घालायच्या. तिसरा सांगे, छे छे, लहानच होत्या, गच्चीवर बसून चिंचा खायच्या नि रस्त्याकडे पाहत राहायच्या. तीन बायका नि गावभर गोष्टी, आणि कुठली गोष्ट कुणाची, कोणालाच पत्ता नाही.

"नाव समजलं पाहिजे जी," भोयरजी म्हणायचे. "मधलीचं नाव. एकडाव नाव सापडलं की तिच्या गोष्टी वेगळ्या काढता येतात."

"मधलीचंच काहून?"

"तिची जागा खाली आहे न जी."

"पहिलीची कुठे भरली आहे? तिसरीची?"

"ते पाहू सावकाश."

आणि नाव सांगणार कोण? सासरी गेली की मुलीचं नाव बदलतं, आणि बदललेलंही कोणी घेत नाही. गावात ठमाबाई म्हणून म्हातारी होती, तरुणपणी बंगल्यावर दळणकांडण करायची. भोयरजी दर खेपेला तिच्यापुढे बसायचे आणि विचारायचे, "मधल्या मालकीणबाईचं नाव काय होतं जी?" ती कानांना हात लावायची. "अरे बाप्पा! मालकिनीचं नाव आमी कायले घेऊ?" एवढंच ठमाबाईचं बयान. ही जुगलबंदी मी इतक्यांदा ऐकली होती की दोघांची वाक्यं मी एकटा म्हणू शकलो असतो.

मग उन्हाळ्यात बातमी आली की वारसांनी बंगला विकला. इतवारीतल्या एका लाकूडवाल्याने घेतला, सागवानासाठी. पुढच्या हप्त्यात मजूर लावून भिंती पाडणार.

भोयरजी ऑफिसात नुसते बसून राहिले. समोर चहा ठेवला तर त्याचंही बयान घेतलं नाही. खरं सांगतो, मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तेही बरं वाटेना. संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. "आता एकच इतवार राहिला जी. त्या दिवशी नाही समजलं तर संपलं. बंगला गेला का लोक बंगल्याच्या गोष्टी कायले सांगतील? अन ठमाबाई तरी किती दिवस पुरणार?"

"भोयरजी, लोकाच्या घरची लोकाची बायको. नाही समजलं तर काय बिघडलं?"

आमची ही आतून ऐकत होती. म्हणाली, "मीही येते. पाहू तरी काय आहे तिथं असं."

त्या रविवारी ऊन असं होतं की गाडीचा बाकसुद्धा चटके देत होता. आमची ही वाटभर मला बोलली, भोयरजींना एक शब्द नाही. बंगल्यावर पोचलो, मी भगदाडातून शिरलो, "या जी, बसा" ओरडलो. भोयरजी आत आले आणि थेट ओसरीच्या भिंतीशी जाऊन कोळशाने नावं ठळक करायला लागले. उद्या-परवा पडणारी भिंत ती! ठमाबाई आली आणि खांबाला टेकून बसली. आमच्या हिने डबा उघडून भाकर-पिठलं तिच्या हातावर ठेवलं, पानाची चंची काढली, आणि जरा वेळाने सहज विचारलं, "मावशी, त्या तिघी होत्या न तुमच्या मालकीणबाई, त्यांची माहेरं कुठली-कुठली वं?"

अरे! ठमाबाई भडाभडा बोलायलाच लागली.

"पयली भिवापूरवाली. ताट फेकनारी तेच. माहेरचं भल्लं मोठं होतं न, मंग गुर्मी राहीनच. तिसरी कुहीवाली, ते पोरायले जेवू घाले. तिचेच लेक आता बंगला इकून राह्यले. अन मधली मांढळवाली."

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं आम्ही दोन बाप्ये उन्हातान्हात नाव विचारत फिरलो. बायका एकमेकींना नावाने ओळखतच नाहीत, माहेरच्या गावाने ओळखतात, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. माझ्या घरातही माझी आई हिला 'वर्धेवाली'च म्हणायची!

हे मी भोयरजींना सांगायला वळलो. त्यांच्या हातातला कोळसा खाली पडला होता.

"मांढळवाली," ते म्हणाले. "तिचं सांगा जी. मांढळवालीचं."

"तिचं काय सांगू? लहानशी होती बिचारी. चिंचा खाये. तिले माहेरी कधी धाडलंच नाही. तिच्या बापाची आपली थोडीशी वावरं, बंगल्यावाल्याले लाज वाटे." ठमाबाईने भाकर बाजूला ठेवली. "दुपारी सारे निजले का मले वर गच्चीवर बोलावे. म्हने, ठमे, इथं सारे मले मालकीनबाई म्हनते, मले माह्या नावानं बोलावनारं कोनीच नाही. तू बोलाव. मी म्हनो, माह्यानं नाही होत जी, कोनी ऐकलं तं मारतीन मले. तं रडे. मंग मी आपली तिच्या कानात म्हनो, चंद्रे. तं अशी हासे, अशी हासे! म्हने, माहा भाऊ लहान आहे घरी, त्याले ताई म्हनता येत नाही, थो बी मले चंद्रीच म्हनते."

"मग?" आमच्या हिने विचारलं.

"मंग काय वं. एका पावसाळ्यात ताप आला, गेली."

भोयरजी भिंतीला पाठ लावून खाली बसले. कोळशाने काढलेली अर्धी वंशावळ सदऱ्याला लागली, तरी त्यांना भान नव्हतं.

"माझी बहीण होय जी ते," ते मला म्हणाले. "चंद्री गेल्यावर बाबा म्हणाले, आता घरात तिचं नाव काढायचं नाही. आईनं काढलं नाही, मी काढलं नाही. आईनं मरतानाही काढलं नाही. मग वाटाले लागलं, चंद्री होती का खरंच का मलेच भास होते? ताट फेकणारी असती तरी चाललं असतं जी. पण कोणीतरी सांगाले पाहिजे होतं, होती म्हणून."

मला इतका राग आला! त्या मालकांचा आला, त्या बापाचा आला. आमची ही पदराने सरळ डोळे पुसत होती.

"मावशी," भोयरजी म्हणाले, "एकडाव बोलवा न तिले."

"कोनाले?"

"चंद्रीले. तुम्ही बोलवत होत्या तसं. कानात नका बोलवू आता. मोठ्यानं बोलवा. आता कोणी मारत नाही तुमाले."

ठमाबाईने आमच्या हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बोलवा मावशी." म्हातारीने डोक्यावरून पदर घेतला, वर पाहिलं. गच्ची कधीच पडली होती, वर नुसतं पांढरं ऊन होतं. आणि फाटक्या आवाजात, मैत्रिणीला खेळायला बोलवावं तशी तिने हाक मारली.

"चंद्रे! अवं चंद्रे!"

भोयरजींनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून," ते म्हणाले.