शिंपीकाकांचं मोठं चाक

"उद्या आपण दवाखान्यात वेळेच्या आधी पोचणार," शिंपीकाकांनी दुपारी जेवताना जाहीर केलं. काकूंचा घास हातातच राहिला. नवऱ्याने काही जाहीर केलं की पुढे निस्तरायचं कुणी, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधीच झालं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणत, "पाय बरा आहे, काठी सोडा." पण काकूंचा धीर होत नव्हता. त्यात काकांची विजेची सायकल इतकी रमतगमत चाले, की मागच्या खेपेला वेळच हुकली. आता उशीर झाला, तर पुढची वेळ थेट महिन्याने.

म्हणून काका मेकॅनिककडे गेले.

"मोटर तेवढेच फेरे मारणार, काका. चाक मोठं घातलं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, म्हणून वेग वाढतो. पण—"

"पणबिण नको. दोन्ही चाकं बदल."

सकाळी काका ओट्यावरून गाडीवर चढले. सपाट रस्त्यावर गाडी अशी सुटली, की मागे बसलेल्या काकूंनी एका हाताने काठी आणि दुसऱ्याने काकांचा सदरा घट्ट धरला.

"अहो, जरा हळू."

"अगं, आत्ता कुठे रंगात आलीय ती!"

दवाखान्याचा चढ लागला आणि मेकॅनिकचं अर्धवट राहिलेलं 'पण' आडवं आलं. मोठ्या चाकाला चढ ओढवेना. गाडी कुंथत कुंथत थांबली. काकांनी पाय टेकवला, तर तो हवेतच! साऱ्या गावाच्या पायांची मापं घेणाऱ्या माणसाने स्वतःचं माप तेवढं घेतलं नव्हतं.

गाडी कलली. काकू काकांपेक्षा वीतभर उंच. त्यांनी दोन्ही पाय टेकून गाडी सावरली आणि काठी पुढे केली.

"ही टेकवा. आणि उतरा."

"उतरू कसा? जमीन कुठाय?"

"मग बसा तसेच."

काकू मागून ढकलू लागल्या. काका वर बसून नावाड्यासारखी काठी मारू लागले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

दारात डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. "काकू, काठी कुठाय तुमची?"

काकूंनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग मागे वळून चढाकडे पाहिलं.

"अगंबाई. मी चालले?"

"नुसत्या चाललात? अख्खा माणूस ढकलत आणलात!"

काकूंचे डोळे भरून आले. काकांचेही. "देवा, तुझे उपकार," ते म्हणाले. "आता मला कुणीतरी उतरवा."

मोठं चाक काकूंनी बदलू दिलं नाही. त्याच्यामुळे पाय परत मिळाला, म्हणतात. काठी आता काकांकडे असते, गाडी थांबली की टेकवायला. कुणी हसलं, तर काका ऐटीत सांगतात, "ही माझी म्हातारपणाची काठी." बोट मात्र काकूंकडे असतं.

"पुरे," काकू म्हणतात. "धरलीय मी गाडी. उतरा."