जलदगती टेबलफोनची निवड

कोणत्याही कचेरीची प्रगती तिच्या टेबलावरच्या फोनवरून ओळखावी, असं जाणकार सांगतात. (हे जाणकार फोन विकतात.) पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कचेरीत बावीस वर्षं एकच करडा फोन होता आणि तो उचलायला फोनताई होत्या. फोन वाजला की बाकीचे मान वर न करता एका सुरात म्हणत, "ताई, फोन!" ताई जागेवर नसल्या तर त्या येईपर्यंत म्हणत राहत, हात मात्र कोणी लावत नसे. या व्यवस्थेचा ताईंना अभिमान होता, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

मग धाकट्या साहेबांनी कुठेसं वाचलं, की हल्ली फोन इंटरनेटवरून चालतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतात. ताबडतोब निवड समिती नेमण्यात आली. समितीत सात जण होते. सातांपैकी एकानेही कचेरीचा फोन कधी उचललेला नसल्यामुळे निर्णय निःपक्षपाती होणार, यात शंका नव्हती. ताईंना 'हितसंबंध गुंतलेले' म्हणून वगळण्यात आलं. समितीला पाणी देण्याचं काम तेवढं त्यांच्याकडे राहिलं.

पाच महिन्यांत समितीने एकोणीस फोन तपासले. निकष असे: वेग, बटणं (चौसष्टच्या खाली चर्चाच नाही), रंगीत पडदा, आणि रिसीव्हर आपटल्यावर येणारा भारदस्त आवाज. एक फोन सगळ्यांना पसंत होता, पण वापरायला सोपा निघाल्यामुळे बाद झाला. पेले ठेवता ठेवता ताईंनी विचारलं, "पण साहेब, उचलणार कोण?"

"ताई, तुम्ही अजून जुन्या काळातच आहात हो," धाकटे साहेब मायेने म्हणाले.

इतिवृत्तात हा प्रश्न 'इतर' या सदरात नोंदला गेला.

यथावकाश सात टेबलांवर सात फोन आले. ज्याचा फोन त्याने उचलायचा, असं ठरलं आणि ताईंचं टेबल कपाटामागे गेलं. पूर्वी फोन लागायला चार सेकंद लागत, आता अर्धा. म्हणजे फोन कोणी उचलत नाही, हे गिऱ्हाइकाला आठपट लवकर कळू लागलं. (अहवालात हा आकडा ठळक छापला आहे.) फोन वाजला की सातही जण सवयीने "ताई, फोन!" म्हणत, आणि कपाटाला वळसा घालून ताई धापा टाकत येईपर्यंत तो थांबलेला असे. दोन महिन्यांत येणारे फोन नव्वद टक्क्यांनी घटले. समितीने 'कामाचा ताण कमी झाला' असा निष्कर्ष काढून स्वतःचं अभिनंदन केलं.

थोरल्या साहेबांनी मात्र विचारलं, "गिऱ्हाइकं गेली कुठे?" दोष कोणाचा, हे ठरवायला समितीला चार मिनिटं लागली. ताईंच्या हातात दुरावलेल्या गिऱ्हाइकांची यादी दिली गेली. त्यातली दहा माणसं महिनाभरात फोनवर बोलती करायची, नाहीतर खुर्ची सोडायची.

ताईंना रडू आलं. मग डोळे पुसून त्या कामाला लागल्या. नव्या फोनवरून लावलं की समोरच्या पडद्यावर दिसणारा नंबर नवा, कोणाच्याच ओळखीचा नाही. तीनशे फोन केले. वेग उत्तम होता. लोकांनी फोन कापलेलासुद्धा झटक्यात कळे. तरीही चिकाटी अशी, की शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत नऊ माणसं झाली. त्यातले एक आजोबा तर तासभर बोलले. त्यांना पंप नको होता, बोलायला कोणीतरी हवं होतं. (ताईंनी त्यांना एकच माणूस धरलं. त्या प्रामाणिक होत्या.)

पाच वाजता यादी द्यायची होती. पावणेपाचला ताईंनी शेवटचा नंबर लावला आणि श्वास रोखून थांबल्या.

तो नंबर तुमचा होता. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत, "कोण कुणास ठाऊक!" म्हणालात, फोन उलटा ठेवलात, आणि आता इथे बसून समितीला हसताय.