औसीचा आठचा खडा

औसी म्तालिका काजूच्या झाडामागे उभा राहून चहाच्या गाळणीतून लघवी गाळत होता आणि नेमका तेव्हाच शेजारचा ट्वाहा कुंपणावरून डोकावला. ट्वाहाला दिसली ती औसीची पाठ आणि मग उन्हाकडे धरलेली गाळणी. औसीने ती डोळ्यांपाशी नेली, तिरकी करून पाहिली, जाळी बोटाने चाचपली आणि सुस्कारा टाकला.

"मिळालं का काही?" ट्वाहाने विचारलं.

औसीने घाईघाईने पँट सावरली. "नाही अजून."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या एखाद्या गावात ते तिथेच संपलंही असतं. पण हे तुंदुरू होतं. इथे नदीच्या वाळूत नीलम सापडतात, त्यामुळे हातात गाळणी असलेल्या माणसाला 'काय करतोस' असं कुणी विचारत नाही. इथले चहावालेसुद्धा खिशात छोटी टॉर्च बाळगतात; गिऱ्हाइकाने पैशांऐवजी खडा काढलाच, तर उजेडात धरून बघता यावा म्हणून. साऱ्या तुंदुरूत खड्याच्या नादी न लागलेला बहुधा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे शाळेचे गणवेश शिवणारा औसी. तो खडा शोधायला गेला नाही, तर खडाच त्याला शोधत आला, आणि तोही आतून.

आठवड्यापूर्वी कमरेतून अशी कळ आली की औसी शिवणयंत्रावरच आडवा झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटावरून यंत्र फिरवून, फोटो काढून सांगितलं, "मुतखडा आहे. आठ मिलिमीटर. मूत्रपिंडातून निघून खालच्या नळीत अडकलाय. भरपूर पाणी पी, ही गोळी घे, आणि दर वेळी गाळून बघ. निघाला तर घेऊन ये, कशाचा बनलाय ते कळेल. नाही निघाला तर सोंगेयाच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, दुर्बिणीने काढायला."

"दुर्बीण कुठून घालतात?"

डॉक्टरने बोटाने दाखवलं. त्या क्षणापासून औसीची पाण्यावर अपार श्रद्धा बसली.

बायको सोमोए मात्र रोज एकच वाक्य म्हणायची. "झुहुराचे बाबा, सोंगेयाला कधी जायचं?" सात महिन्यांची झुहुरा तिच्या पाठीवर कांग्याच्या कापडात बांधलेली असायची, आणि औसीला वाटायचं की तीही तेच विचारतेय.

"पाण्याने निघेल गं."

"नाही निघाला आणि मूत्रपिंड सडलं तर? मी एकटी काय करू हिला घेऊन?"

"असं अभद्र बोलू नये."

"मग जावं."

शेवटी सोंगेयाच्या थोरल्या भावाला नुसतं विचारून ठेवावं म्हणून औसीने फोन केला. रेंज येते ती बसथांब्यापाशी, आणि तिथे बोडाबोडावाले आपल्या भाड्याच्या मोटरसायकलींवर लवंडलेले असतात. भावाला कमी ऐकू येतं.

"खडा आहे, दादा. खडा. आठचा. इथं निघत नाही. तिकडे कोणी बाई आहे म्हणतात, ती काढते. कुणाला बोलू नकोस, गावात कळलं तर जगणं मुश्कील होईल."

आठ काय, ते औसी बोलला नाही. बोडाबोडावाल्यांनी ग्रॅम धरले.

सकाळी सोमोए पाणी ओतायला मागे गेली तर काजूच्या झाडाखाली कमरेएवढा खड्डा. खड्ड्यात ट्वाहा आणि त्याचे दोन मेहुणे, काठावर मोठ्या गाळण्या.

"हे काय?" औसी धावत आला.

"तू नको घाबरू, तुझा वाटा तुला आहे," ट्वाहा म्हणाला. "तेवढं सांग, माती याच बाजूला ओली कशी?"

औसी काजूची पानं मोजू लागला.

धाकट्या मेहुण्याने मूठभर माती नाकाशी नेली. "वास येतोय रे काहीतरी."

"जुनी नदी असणार खाली," ट्वाहा म्हणाला. "जुन्या नदीला वास असतो."

दुपारी म्झे कालोलो आला. वयामुळे आणि खड्यांच्या चाळीस वर्षांच्या दलालीमुळे अख्खा बाजार त्याला म्झे म्हणायचा. भलेभले आपला माल आधी त्याच्या पुढ्यात ठेवत.

"शिकामू, म्झे," औसी खुर्चीवरून उठून नमस्कार करत म्हणाला.

"मराहाबा, बाळा. बस. कुठे आहे?"

"काय?"

"आठचा."

औसी परत खुर्चीत बसला. एवढ्या मोठ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? "आत आहे, म्झे."

"आत म्हणजे घरात?"

"माझ्या आत." त्याने कमरेवर हात ठेवला.

म्झे कालोलोच्या भुवया वर गेल्या आणि बऱ्याच वेळाने खाली आल्या. खाणीच्या दारावर झडती घेतात म्हणून खडा गिळणारे त्याने पाहिले होते. पण ते सगळे आडदांड. हा तर शिंपी.

"गिळलास?"

"नाही हो. आपोआप झाला."

"सगळे असंच सांगतात. मला चालतं. कधी निघेल?"

"डॉक्टर म्हणतो, पाणी पी आणि वाट बघ."

"बघू वाट," असं म्हणून म्झे कालोलो शिवणयंत्राशेजारच्या बाकावर बसला आणि सोमोएकडे वळून म्हणाला, "लेकी, याला पाणी दे."

तिसऱ्या तांब्याला कळ आली. या वेळी औसी जमिनीवर लोळला, उलटी केली, आईला हाका मारल्या. कळ ओसरल्यावर सोमोएने काही विचारलं नाही. तिने पिशवी भरली, आणि बस सुटली तेव्हा औसी खिडकीशी होता, शेजारी ती आणि झुहुरा, पुढच्या बाकावर म्झे कालोलो आणि मागच्या बाकावर ट्वाहा.

"हे कशाला येतायत?" औसीने हळूच विचारलं.

"लोकांना काळजी असते," सोमोए म्हणाली.

रस्ता पुढे सरकला तशी कळ विसरली आणि दुर्बीण आठवायला लागली. केवढी असेल? वाकडी असते का? आत शिरल्यावर वळते कशी? वाटेतल्या नाम्तुम्बोपर्यंत औसीने तिची लांबी हातभर करून ठेवली होती. बस थांबली, तेव्हा तुंदुरूकडे परत जाणारा एक ट्रक समोरच उभा दिसला.

"गाळून येतो," म्हणून तो उतरला आणि झुडपांमागे गेला. गाळायला सुरुवात केली आणि सहज मान वळवली, तर दोन पावलांवर म्झे कालोलो.

वडीलधारा समोर आला की आधी नमस्कार. हात कुठेही गुंतलेले असोत.

"शिकामू, म्झे."

"मराहाबा. सावकाश होऊ दे. आला का?"

"नाही."

"दाखव गाळणी."

औसीने गाळणी त्याच्या हातात दिली आणि तो टॉर्च काढतोय तोवर ट्रककडे धूम ठोकली. एक पाय वर चढला, दुसरा काही केल्या चढेना. बघतो तर तो ट्वाहाच्या हातात.

"आठचा माल घेऊन एकटाच कुठं निघालास, शेजारी?"

"सोड रे, मला भीती वाटतेय."

"म्हणूनच आम्ही आहोत."

दोघांनी त्याला बसमध्ये आणून बसवलं. सोमोए झुहुराला पाजत होती. तिने वर पाहिलं नाही. "झालं?"

सोंगेयाच्या दवाखान्यात डॉक्टर म्बेलेंनी फोटो उजेडात धरला. म्झे कालोलो काका म्हणून आत शिरला होता आणि ट्वाहा भाऊ म्हणून. दोघांनी माना पुढे काढल्या.

"हा बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान असता तर पाण्याबरोबर गेला असता. वर मूत्रपिंडात असता तर कधीकधी बाहेरूनच लाटांचे धक्के देऊन फोडतात, पण ते यंत्र इथं नाही. फारच मोठा असला तर पाठीला छोटं भोक पाडून काढतात. तुमचा खाली अडकलाय. याला लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण, आणि लेसरने चुरा."

"चुरा?" म्झे कालोलो उठून उभा राहिला. "बाई, चुऱ्याला कोण विचारतं? अख्खा काढा."

"अख्खा ओढला तर आतली नळी फाटेल."

"फाटू दे. हा शिंपी आहे, शिवून घेईल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आजोबा, तुम्हाला हा खडा कशाचा वाटतोय?"

"नीलम. नाहीतर माणिक. फोटोत रंग कळत नाही."

मग बाईंनी न हसता, झुहुरालासुद्धा कळेल इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की हा गिळलेला नाही, नदीतला नाही. लघवीतले क्षार साचतात, घट्ट होतात, त्याचा हा खडा. ऐकता ऐकता ट्वाहाचा चेहरा बदलला. त्याला बहुधा जुनी नदी आठवली. तो हात धुवायचे आहेत म्हणून बाहेर गेला आणि पहिल्या बसने परत गेला.

म्झे कालोलो मात्र बसून राहिला. "म्हणजे खाण नाही, काही नाही, माणसाच्या आतच बनतो?"

"हो."

"कुणातही?"

"पाणी कमी पिणाऱ्यात जास्त."

"आणि मी चाळीस वर्षं नदी उपसतोय," म्हातारा म्हणाला. त्याला आता जायचंच नव्हतं. लेसर किती जाड, दुर्बिणीला दिवा कुठे असतो, चुरा आत राहिला तर काय, असं तो विचारत राहिला. औसी ऐकत होता. दुर्बीण चहा ढवळायच्या काडीहून बारीक असते आणि आपण तेव्हा झोपेत असू, हे त्याला असंच कळलं.

दुसऱ्या दिवशी औसीला जाग आली तेव्हा कमरेत नुसतं जडपण होतं. आत काही दिवसांसाठी एक मऊ नळी ठेवली होती, ती नंतर काढायची होती. खाटेशेजारी म्झे कालोलो चुऱ्याच्या छोट्या बाटलीवर टॉर्च मारून बसला होता.

"पाणी नाही, चमक नाही," तो म्हणाला. "रंग गुळाचा. पण कण धारदार आहेत. ओरडत होतास ते उगीच नाही."

"एवढंच होतं होय," औसी पुटपुटला. "म्झे, तुम्ही नसता तर मी नाम्तुम्बोलाच पळालो असतो."

"मला काय ठाऊक तू पळशील? मला हिनं सांगून ठेवलं होतं."

औसीने मान वळवली. सोमोए झुहुराला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

"तू? माझ्या पोटात नीलम आहे म्हणून सांगितलंस यांना?"

"नीलम मी कशाला म्हणेन? मी एक शब्द खोटा बोलले नाही. तुम्ही लोळत होता तेव्हा यांनी विचारलं, खडा खरा आहे का? म्हटलं, खरा आहे, फोटो आहे त्याचा. मग म्हणाले, मोलाचा आहे का?" तिने झुहुराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी म्हटलं, खड्याचं मला कळत नाही. ज्याच्या पोटात आहे तो माणूस लाखमोलाचा आहे, आणि वाटेत पळून जाईल. तेवढा धरून ठेवा."

औसीने हात लांब करून झुहुराचा पाय धरला.

"आणि मला वाटलं," म्झे कालोलो टॉर्च विझवत म्हणाला, "बाई भाव वाढवतेय."