इसम नामे बगळा

आमच्या शेजारचे दिगूकाका इंग्रजी शब्दांचा पंचनामा करतात. चेष्टा नाही. जागेवर जाऊन, तारीख-वेळ घालून, दोन पंचांच्या सह्या घेऊन करतात.

काका आयुष्यभर तलाठी कार्यालयात कोतवाल होते. गारपीट झाली, वीज पडली, की साहेबांच्या मागं वही घेऊन शिवारात. रिटायर झाल्यावर माझं कॉलेजचं इंग्रजीचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. पण 'टेक ऑफ'चे चार अर्थ मीही नुसते पाठच केले होते. काकांना ते पटलं नाही.

"एका शब्दाचे चार अर्थ? चार साक्षीदार चार गोष्टी सांगायलेत म्हणजी जागा बघाय पायजे."

मग आम्ही जागा बघत फिरलो. 'टेक ऑफ' म्हणजे काढणं: रामलिंगाच्या देवळाच्या पायरीवर काढलेल्या चपला, पंच दोन. 'टेक ऑफ' म्हणजे उडणं: विमान कुठून आणायचं? तलावाच्या काठाला अख्खी दुपार बसून राहिलो. ऊन पाण्यावर डुलत होतं. बोलणं आपोआप थांबलं. कधीतरी पलीकडच्या काठावरून एक बगळा उठला.

काका कुजबुजले, "लिही. इसम नामे बगळा."

'पिक अप'वर मात्र काम अडलं. खालचं उचलणं झालं. ऐकता ऐकता शिकणंही झालं, उमरग्याहून आलेल्या शेजारच्या सुनेकडून काका चार कानडी शब्द शिकले होते. राहिलं एकच: स्टेशनवर जाऊन आपल्या माणसाला घेऊन येणं. मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून त्यांच्याकडं कुणी येत नव्हतं. ते पान काढून काका म्हणायचे, "हितं पार्टीच हजर न्हाय."

मला लातूरला नोकरी लागली. शनिवारी एसटीनं यायचे, फाट्यावर उतरून चालत घरी. एका शनिवारी मुद्दाम रेल्वेनं निघाले. सकाळीच फोन केला, "काका, दुपारी येडशी स्टेशनला उतरते. न्यायला या."

पलीकडून काका, "तुझ्या बापाकडं गाडी न्हाय व्हय?"

"आहे. तुम्ही या."

उतरले तर काका इस्त्रीचा सदरा घालून बाकावर डुलक्या घेत होते. बाहेर त्यांची जुनी लुना धुऊन पुसून उभी. चहावाला म्हणाला, "सकाळपून बसलेत."

"वही द्या, सही करते," मी म्हणाले.

"तुझी कशी चालंल? तू मुद्देमाल हायस."

लुना डोंगराच्या कडेनं झोपेत चालल्यासारखी चालली. दहा मिनिटांचा रस्ता काकांनी अर्धा तास पुरवला. घरी त्यांनी पिठलं करून ठेवलं होतं, दोन ताटं मांडून. जेवण झाल्यावर त्यांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"काय झालं काका?"

"लिवलं की प्रकरण बंद हुतंय," ते वहीकडं बघत म्हणाले. "चौकशी चालू ठिवू. फुडच्या शनवारी कंच्या गाडीनं येतीस?"

मी एसटीनं येणं सोडलं. ते पान अजून कोरंच आहे.