ढाराढूर उशी आणि तीन दिवसांचं ऊन

मी जन्मजात उद्योजक आहे, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी तीस वर्षं मी दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी केली, पण तो निव्वळ अपघात समजावा. जिनिंग बंद पडली, मी घरी बसलो आणि आठच दिवसांत लक्षात आलं की आपल्या डोक्यात कल्पनांचा नुसता पूर आलाय! माझ्या बायकोच्या, म्हणजे नलूच्या मते तो पूर नव्हता, रिकामपण होतं. पण नलूला पहिल्यापासून मोठा विचार करायची सवय नाही.

ते साल बोंडअळीचं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी पाहुण्यासारखी पाय पसरून बसलेली. त्यामुळे गावात सगळे अळीबद्दल बोलायचे आणि पेपरात सगळे स्टार्टअपबद्दल लिहायचे. वाचनालयात बसून मी पेपरच्या बाजूनं झालो. तिथंच ती जाहिरात दिसली. यवतमाळला नवउद्योजक मेळावा, पहिलं बक्षीस म्हणजे लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर फुकट गाळा, आणि खाली ठळक अक्षरात, 'वयाची अट नाही'. मला तर वाटलं, माझा पत्ता शोधूनच छापलीय.

पेपर घेऊन मी थेट गफ्फारच्या गादीघरात गेलो. गफ्फार पिंजारी. त्याच्या आजोबांनी धनुकलीनं कापूस पिंजला, बापानं पिंजला, आणि गफ्फारनं त्यासाठी मशीन आणलं. तीस वर्षं मी जिनिंगमधून सुटलो की त्या मशीनच्या धडधडीत बसून चहा पीत आलोय. त्या दिवशी मात्र मशीन गप्प होतं.

"काहून रे, लाइन गेली?"

"लाइन हाय. गिऱ्हाईक नाही," गफ्फार म्हणाला. "आता सगळ्याले फोमची गादी पायजे. फिरोज हैदराबादहून रोज फोन करते, अब्बा इकडे या म्हणते. सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला मशीन न्यायले."

मी चहाचा कप खाली ठेवला. गफ्फार गेला तर मला करमणार नव्हतं, अगदी साफ सांगतो. पण पुरुषमाणसानं दुसऱ्या पुरुषमाणसाला हे असं तोंडावर कसं सांगायचं! म्हणून मी टेबलावर पेपर आपटला आणि म्हणालो, "गफ्फार, आपण कंपनी काढून राह्यलो."

योजना अशी होती. अळी लागलेला, डागाळलेला कवडी कापूस कोणी घ्यायला तयार नव्हतं. तो आपण घ्यायचा, रुई काढायची, पिंजायची, उशा भरायच्या. नाव 'ढाराढूर'. ब्रीदवाक्य, 'डोकं टेका, विषय संपवा.' गफ्फार बराच वेळ मशीनवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "मेळावा कधी हाय?"

"शनिवारी."

"आज मंगळवार. रुईले तीन दिवस कडक ऊन द्या लागते, बळीराम. रोज काठीनं झोडपून उलटी करा लागते. त्याच्याशिवाय आमच्या घरात कोणी रुई मशीनले लावली नाही."

मी बाहेर पाहिलं. आभाळ भरून आलेलं. फेब्रुवारी असून सूर्याचा पत्ता नव्हता.

"गफ्फार," मी म्हणालो, "परवा वाचनालयात स्टार्टअपचं माहिती शिबिर झालं, त्यात टोपीवाल्या पोरानं काय सांगितलं? स्टार्टअपमध्ये तीन गोष्टी लागतात. वेग, वेग आन् वेग. ऊन त्यात नव्हतं."

आतून जोहराबीचा आवाज आला. जोहराबी म्हणजे गफ्फारची आई. वय शहात्तर, आख्ख्या गल्लीची खाला. "बळीराम बेटा, बिना धूप की रुई अच्छी नहीं होती. मेरी सुन ले."

"खाला, जमाना बदलला," मी अदबीनं म्हणालो. पडद्यामागून उत्तर आलं नाही, म्हणजे पटलं, असा मी अर्थ काढला.

कापूस आणायला तांड्यावर नेमसिंगकडे गेलो. नेमसिंग माझ्या जिनिंगचा जुना गाडीवान. त्याच्या घरात माळ्यापर्यंत कापूस कोंबलेला आणि घरातली माणसं मात्र बाजा टाकून अंगणात झोपत होती. थंडी अजून पुरती गेली नव्हती. मला कौतुक वाटलं. म्हटलं, काय हे निसर्गप्रेम! नेमसिंग माझ्याशी बोलताना सारखा मान खाजवत होता. मला वाटलं, भाव किती सांगावा याचा विचार करतोय.

"किती घेशीन?"

"घेऊन जाय बाप्पा! कायले भाव? घर मोकळं होऊ दे." त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, तर स्वतः गाठोडी बांधून दिली आणि वर हात जोडले. इतका उमदा पुरवठादार पहिल्याच दिवशी मिळणं, हा मी शुभशकुन मानला.

नेर रोडवरच्या छोट्या जिनिंगमध्ये ओळखीवर सरकी काढून घेतली. दोन दिवस गफ्फारचं मशीन धडधडलं. गफ्फारचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू! मध्येच तो म्हणायचा, "ऊन द्या लागत होतं रे." मी म्हणायचो, "वेग." चाळीस उशा तयार झाल्या. पांढऱ्याशुभ्र, फुगलेल्या.

पहिली उशी चाचणीसाठी घरी नेली. दुपारी नलू तिच्यावर जरा आडवी झाली आणि पाच मिनिटांत उठून बसली.

"अहो, मले काहीतरी चावून राह्यलं."

"ते नवं पातळ असंल."

"पातळ जुनं हाय."

"मग जुनं असंल म्हणून."

मी स्वतः अर्धा तास झोपून पाहिलं. मला काहीच झालं नाही. गफ्फारनंही झोपून पाहिलं, त्यालाही नाही. आता मागे वळून पाहताना कळतं की माझी आणि गफ्फारची कातडी तीस-चाळीस वर्षं कापसात मुरलेली. आम्हाला विंचवानंसुद्धा ओळखपत्र दाखवून चावावं लागलं असतं. पण तेव्हा मी चाचणीचा निकाल वहीत लिहिला, 'एक विरुद्ध दोन मतांनी उशी उत्तीर्ण.'

शनिवारी सकाळी यवतमाळच्या फेऱ्या मारणाऱ्या भीमसिंगच्या जीपमध्ये उशा भरल्या. निघायच्या वेळी खाला बुरखा घालून, कापडी पिशवी घेऊन हजर.

"मैं भी आती. मेरी जरूरत पड़ेगी."

मला भरून आलं. म्हटलं, आशीर्वाद द्यायला येतेय म्हातारी. तिला पुढची सीट दिली. मागच्या प्रवाशांनी उशा मांडीवर घेतल्या, कोणी पाठीशी लावल्या. लोहाऱ्याला उतरताना एक जण भीमसिंगला म्हणाला, "तुह्या जीपात ढेकणं झाले बे." भीमसिंग भडकला. दहा वर्षांत त्याच्या जीपमध्ये ढेकूण झाला नव्हता. दोघांची चांगलीच जुंपली. मी उशा सांभाळत बसलो.

सभागृह गच्च भरलेलं. कॉलेजची मुलं, बचत गटाच्या बाया, माझ्यासारखे निवृत्त तरुण. मुख्य परीक्षक उर्वशी मॅडम. नागपुरात त्यांची स्वतःची कंपनी. माझा नंबर सतरावा होता, पण उद्योजक नंबराची वाट बघत नाही! मी सुरुवातीलाच चाळीसच्या चाळीस उशा पुढच्या रांगांत वाटल्या. परीक्षकांच्या मानेमागे तर स्वतःच्या हातानं लावून दिल्या. मॅडम हसून म्हणाल्या, "वा, काका! एकदम मऊ." मी गफ्फारकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, पण हसत होता.

पाचव्या नंबराला पापडाचं यंत्र आलं, तेव्हा एका परीक्षकानं कॉलरमध्ये बोट घातलं. आठव्या नंबराला मॅडमनी खुर्चीला पाठ घासली. सोळाव्या नंबराच्या पोरीनं शेळीच्या दुधाचा साबण दाखवला. तेव्हा पहिली रांग अशी काही हलत होती की त्या पोरीला वाटलं, लोक डोलताहेत. ती बिचारी आणखी जोरात बोलायला लागली. मीही गफ्फारला म्हणालो, "श्रोते जिवंत हायेत."

गफ्फार मात्र पांढरा पडला होता. "बळीराम, ते खाजवून राह्यले."

"विचार करून राह्यले."

"पाठीनं?"

तेवढ्यात माझा पुकारा झाला. मंचावर गेलो. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोरचं नीट दिसेना. मी तीस वर्षांचा अनुभव सांगितला, वेग सांगितला, ब्रीदवाक्य सांगितलं. सूत्रसंचालकानं उत्साहानं विचारलं, "तर मित्रहो, ही उशी घरी न्यायला कोणाकोणाला आवडेल?"

आणि सगळ्यांचे हात वर! पुढच्या चारही रांगांत एक माणूस असा नव्हता, ज्याचा हात खाली होता. काहींचे तर दोन्ही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कपाळावर हात धरून झोताच्या आडून नीट पाहिलं. तेव्हा दिसलं की ते सगळे हात वरून मागे गेले होते आणि आपापल्या पाठीवर काम करत होते.

"काका," उर्वशी मॅडम उभ्या राहिल्या. मान लालबुंद झाली होती. "या उशीत नक्की काय आहे?"

"शंभर टक्के नैसर्गिक आहे, मॅडम."

"ते कळतंय!"

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते थोडक्यातच आठवायला आवडतं. उशा हवेत उडाल्या. एक साहेब खांबाला पाठ घासू लागले. त्यांच्या मागे खांबासाठी रांग लागली. कोणीतरी ओरडलं, "अळी लागलेल्या कापसाची खाज हे! आमच्या घरी झालती!" आणि सूत्रसंचालकानं माइकवरून विचारलं, "हे उत्पादन कोणाचं आहे?" मी बोलणार, तेवढ्यात माझ्या शेजारी गफ्फार येऊन उभा राहिला.

"माहं हाय," तो म्हणाला. "रुई मी पिंजली. ऊन नाही देल्लं. चुकी माही."

चाळीस वर्षांत ज्याच्या गादीबद्दल एक तक्रार आली नाही, तो माणूस माझ्या वेगापायी भर सभेत मान खाली घालून उभा होता. मला लाज वाटली. खरंच वाटली. मी माइक ओढला आणि म्हणालो, "खोटं बोलून राह्यला हा. यानं तीनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

तेव्हा मागच्या रांगेतून खाला उठली. सावकाश चालत पहिल्या रांगेपाशी आली, पिशवीतून बाटली काढली आणि उर्वशी मॅडमना म्हणाली, "बेटी, बाल उपर कर."

कडूनिंबाचं तेल होतं. त्यात कापूर आणि काय काय घालून ती स्वतः उकळते, वास असा की डोळे आपोआप मिटतात. तिनं मॅडमच्या मानेला दोन बोटं फिरवली. मॅडमनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, "अजून थोडं."

पुढचा अर्धा तास सभागृहात शिस्तीची रांग होती. साहेब लोक बाह्या वर करून, सदऱ्याची बटणं काढून उभे. खाला एकेकाला "हात दिखा", "मुड़ जा" असं सांगत होती. पिशवीतून एकापाठोपाठ एक बाटल्या निघत होत्या. म्हातारी आशीर्वाद द्यायला आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्या उशीची पुरती तयारी करून आली होती!

एका परीक्षकानं पाठीला तेल लावून घेता घेता विचारलं, "आजी, हे विकता का तुम्ही?"

"अबतक किसीने मांगा नहीं था."

"आणि एवढे ग्राहक एकदम कुठून आणले?"

खालानं मंचाकडे बोट केलं. "वो लाया. बळीराम."

सभागृह हसून हसून लोळलं. मीही हसलो. दुसरं काय करणार!

संध्याकाळी पहिलं बक्षीस जाहीर झालं: जोहराबी, वय शहात्तर, दारव्हा. उर्वशी मॅडम म्हणाल्या की आज सतरा जणांनी आपापल्या अडचणींवरचे उपाय सांगितले, पण अडचण समोर उभी राहिल्यावर उपाय पिशवीत असलेली ही एकटीच. खालानं गाळ्याच्या कागदावर अंगठा टेकवण्याआधी एकच अट घातली. "गाळे में मशीन भी आएगी. और मेरा बेटा भी."

भंगारवाला सोमवारी आला आणि चहा पिऊन गेला.

आता लोहाऱ्याच्या त्या गाळ्यात एका कोपऱ्यात तेल उकळतं आणि उरलेल्या जागेत गफ्फारचं मशीन धडधडतं. उशी घेणाऱ्याला तेलाची लहान बाटली फुकट. आजवर एकालाही ती वापरावी लागलेली नाही, कारण रुई आता तीन दिवस कडक उन्हात झोडपून, उलटीसुलटी करूनच मशीनला लागते. हे खातं खालानं पहिल्याच दिवशी माझ्याकडे दिलं. गफ्फारनं मला छापील कार्डही करून दिलंय, 'बळीराम, विभागप्रमुख (ऊन)'. नलूनं ते भिंतीवरच्या तथागतांच्या फोटोशेजारी नाही, पण निदान कॅलेंडरशेजारी लावलं.

तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला कथा लिहायला वेळ कसा मिळाला. काय आहे, आज सकाळपासून आभाळ आलंय.