टेम्परवारी जीप

ताई मंगरूळच्या दवाखान्यात वारली, तेव्हा भाऊजींची जीप बाहेर उतारावर उभी होती. चाकाखाली दगड नव्हता. जीप जागची हलली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं ते तेरवी होऊन गेल्यावर.

दगडाचं सांगायचं तर आधी जीपचं सांगावं लागेल, आणि जीपचं सांगायचं तर भाऊजींचं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आसेगावचे शेतकरी. जमीन बरी, घर ऐसपैस, आणि स्वभाव असा की मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी तिच्याशी जुळवून घ्यायचं. त्यांच्या बैठकीतला पंखा बटणावर सुरू होत नसे. बटण दाबून काठीने एक पातं ढकलावं लागे, मग तो कुरकुरत फिरे. ती काठी पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याआधी दाखवली जाई. चष्म्याची एक दांडी सुतळीची होती. मुलाच्या लग्नात नवा फेटा, नवा कोट, आणि कानावर तीच सुतळी; अल्बमच्या पानापानावर ती आहे. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं: "टेम्परवारी हाये." मला वाटतं, स्वतःच्या जन्माबद्दलही त्यांचं तेच मत असावं.

जीप मात्र त्यांनी ऐटीत घेतली होती. जुनी, पण चारही चाकांना ताकद देणारी. पावसाळ्यात काळ्या मातीतून बैलजोडीसारखी निघेल, असं वर्षभर ते गावाला सांगत होते. या गाडीत इंजिनाची ताकद एका लोखंडी दांड्यातून मागच्या चाकांकडे जाते आणि दुसऱ्यातून पुढच्या. मेस्त्री लोक त्याला शाफ्ट म्हणतात. एक दिवस शेताच्या धुऱ्यावर मागच्या शाफ्टचा सांधा तुटला. भाऊजींनी शाफ्ट खोलून काढला, मागे टाकला, गिअरजवळचा छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर दिला आणि जीप घरी आणली. असं चालतं. घर येईपर्यंत चालवावं, असं जाणकार सांगतात. भाऊजींनी बारा वर्षं चालवलं.

म्हणजे पैसे चार चाकांच्या ताकदीचे मोजले आणि चालवली दोन चाकांवर. पहिल्या पावसात ती गावाच्या वेशीतच रुतली आणि ज्या बैलजोडीशी तिची तुलना झाली होती, तिनेच तिला ओढून काढलं. शाफ्ट गोठ्यात आडवा पडून राहिला. त्याच्यावर कोंबड्या बसत.

माझं घर मंगरूळला, चढावर. कॉलेजात मराठी शिकवायचं आणि घरी पुस्तकं वाचायची, एवढाच माझा उद्योग. भाऊजी दर बाजाराला येत. पुढच्या चाकांना तो चढ झेपत नसे, ती नुसती गरगर फिरत. म्हणून भाऊजी जीप उलटी करून रिव्हर्समध्ये वर चढवत. पुढे बसलेल्या ताईचं तोंड गावाकडे आणि गाडी माझ्या घराकडे. शेजारचे निवृत्त तलाठी पेपर बाजूला करून विचारत, "पाहुणे निघाले काय सर?"

"नाही," मी म्हणे, "आले."

गाडी थांबली की ताई खाली उतरे. तिच्या हातात पिशवी, पिशवीत दगड. पदर खोचून ती वाके आणि दगड चाकाखाली सरकवी. मग भाऊजी राजासारखे उतरत. मागचा शाफ्ट काढला की हॅन्डब्रेकही जातो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि आम्ही ते मानलं होतं.

त्या घरात सुनांनी बाजारात जायचं नाही, असा नियम होता. नियम भाऊजींच्या आईचा. भाऊजी तिला माय म्हणत, गाव तिला बुढी म्हणे, आणि दोघंही तिला भीत. लग्नानंतरच्या वर्षांत ताई माहेरी आली ती दिवाळीला आणि मरणाला. शाळेत माझ्यापुढे असलेली, हातात येईल ते वाचणारी मुलगी. पुढे तिच्या हाती छापील असं कॅलेंडरच उरलं. मग शाफ्ट तुटल्यावर एका सकाळी बुढीच्या डोळ्यांदेखत उभी जीप अंगणातून आपोआप निघाली आणि गुरांसाठी रचलेल्या कुटाराच्या ढिगात घुसली. ढिगाआड कोंबड्या होत्या. बुढी हादरली.

"काहून गेली रे ते?"

"ब्रेक नाई ना माय. कोनी दगड लावाले पाह्यजे संगं."

"मजुराले ने."

"त्याचा रोज कोन देईन? दगडच तं लावाचा हाये."

बुढीचा हात भाऊजींपेक्षाही आखडता. तिने विचार केला आणि हुकूम सोडला, "सूनबाई, जाय तू. दगड लाव अन् वापस ये."

अशी माझी बहीण क्लीनर झाली. भाऊजी बाजारात शाफ्टचा सांधा पाहायला जात, सांज करून परत येत आणि सांगत, "माल डुप्लिकेट हाये." बारा वर्षं मंगरूळच्या बाजारात त्यांना अस्सल माल मिळाला नाही. तोवर ताई माझ्या ओसरीवर पाय लांब करून वाचत बसे. जेवायला हाक मारली तर पान संपवून उठे. मी एकदा तिच्या बाजूने भाऊजींना सुनावलं, "दगड उचलायला बायको लागते तुम्हाला. लाज वाटत नाही?"

"टेम्परवारी हाये मास्तर," भाऊजी म्हणाले. ताईने पुस्तक तोंडासमोर धरलं. ती रडतेय, असं मला वाटलं.

दिवाळीला आसेगावी गेलो की बुढी मला जवळ बसवून विचारी, "मास्तर, खरं सांगजा. ब्रेक सुधरला काय याचा?" आणि मी भाऊजींना ऐकू जाईल असं सांगे, "नाही. या माणसाच्या हातून सुधरणारही नाही." ते मान खाली घालून चिवडा खात.

तेरवीनंतरच्या बाजाराला जीप उलटी चढताना दिसली. पुढची सीट रिकामी होती. मला एकदम दगड आठवला. मी चपला न घालता धावलो, कुंपणाची वीट उपसली आणि चाकाशी बसलो.

"राहू द्या मास्तर," भाऊजी वरून म्हणाले. "ब्रेक लागते."

त्यांनी ब्रेक ओढला. जीप चढावर उभी राहिली. दवाखान्याबाहेर राहिली होती तशीच.

"कधी दुरुस्त केलात?"

"बिघडलाच नोता. ब्रेक शाफ्टाले नाई धरत, शाफ्ट ज्या गिअरच्या डब्यातून निंघते त्याले धरते. डबा तं जागीच हाये. तो छोटा दांडा ओढला का पुढचे चाकं बी त्यालेच बांधलेले."

मी वीट हातात घेऊन उभा. "आणि जीप कुटारात गेली ती?"

"मीच सोडली."

"ताईला माहीत होतं?"

"तिनंच तं सांगतलं कुटाराकडे सोडा म्हनून. मी हौदाकडे सोडून राह्यलो होतो. ते म्हने, हौद फुटला तं बुढी जीपच इकून टाकीन."

तलाठ्यांनी पेपर खाली केला होता. मी आवाज उतरवला. "मला का नाही सांगितलं?"

"तुमाले खोटं बोलता येत नाई. बुढीले माह्यावर भरोसा नाई, तुमच्यावर हाये. तुमी दर दिवाळीले रागानं सांगत होते, नाई सुधरला म्हनून. तिचं समाधान होऊन जाये." भाऊजी खाली उतरले. "तुमची ताई लय हासे त्यावर, बाजाराहून वापस जातानी."

ओसरीवर आल्यावर त्यांनी पिशवीतून दगड काढला. एका बाजूने तो गुळगुळीत झाला होता. "हा तुमच्याकडेच ठेवा. घरी दिसला का बुढी इचारते, आता कोन लावते म्हनून. मले सांगता येत नाई."

"आता तरी शाफ्ट बसवून टाका भाऊजी."

त्यांनी सुतळी कानावर नीट केली. "बसवू ना. सध्या टेम्परवारी हाये."

भाऊजी अजून दर बाजाराला येतात. जीप उलटी चढते. ते ओसरीवर सांजेपर्यंत बसतात, वाचत काही नाहीत. शाफ्ट गोठ्यात आहे. दगड माझ्या पायरीशी आहे.