सासूबाईंचा अस्सल ट्रे

टाकाऊपासून टिकाऊ करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! मीच म्हणतोय म्हणून खोटं समजू नका. फुटक्या बादलीचा मी दिवा केला आहे. तो लागत नाही ही गोष्ट वेगळी, पण बघणारा क्षणभर थबकतो. शिवाय मला जन्मजात नजर आहे. वस्तू समोर आली की अस्सल कोणती आणि नकली कोणती, हे मी हात न लावता सांगतो.

"तुमचा हात कोणीतरी धरायलाच हवा होता," बायको म्हणते. "वेळेवर!"

तर झालं असं. आमची लेक आठ वर्षांची. घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी थांबत नाही. थांबते ती फक्त चित्र काढताना. तिनं आणि तिच्या वर्गातल्या पाच जणींनी ठरवलं होतं की दर रविवारी एकीच्या खोलीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. गेल्या रविवारी जिच्याकडे होतं, तिच्या खोलीत दिवे लावलेला विकतचा बोर्ड होता. या रविवारी आमची पाळी होती. आणि आमच्याकडे बोर्ड सोडाच, भिंतीला चिकटपट्टी लावायचीही बंदी! पंधरा दिवसांपूर्वीच घराला रंग दिला होता आणि बायकोनं जाहीर केलं होतं, "खिळा नाही, चिकटपट्टी नाही, बोटसुद्धा नाही!"

शुक्रवारी भिंगरी जेवली नाही. "माझी चित्रं काय जमिनीवर पसरू? त्या पाय देतील ना त्यांच्यावर!" एवढं म्हणून तिनं पुढ्यातलं ताट दूर सारलं. मला काही ते बघवेना. मी जेवता जेवता उठलो.

"बाबा आहे ना! रविवारी चारच्या आत असा बोर्ड करून देतो की तो दिव्यांचा बोर्ड झक मारेल!"

"विकत आणा," बायको म्हणाली.

"विकत काय, कोणीही आणतं!"

शनिवारी सकाळी मी बेत सांगितला. खिळा नको, चिकटपट्टी नको. लोखंडी पत्रा लटकवायचा आणि चित्रं लोहचुंबकानं चिकटवायची! बिघडलेल्या स्पीकरमधला जाडजूड लोहचुंबक मी काढला आणि पत्रा शोधायला आम्ही बापलेक घरभर फिरू लागलो. कपाट खोलीत हलवता येईना. फ्रिजच्या दारावर बायकोच्या याद्यांचं राज्य. फिरत फिरत आम्ही स्वयंपाकघरात पोचलो आणि भांड्यांना लोहचुंबक लावायला सुरुवात केली.

"अहो, चिकटणार नाही तो!" बायको म्हणाली. "अस्सल स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, नकलीला चिकटतो. माझ्या आईनं निवडून दिलेली भांडी आहेत ही!"

"काही माझीही आहेत हो," बाहेरून माझ्या आईचा आवाज आला. आई आमच्याकडेच राहते. तिची आणि सासूबाईंची भांड्यांवरची चढाओढ आमच्या लग्नाइतकीच जुनी आहे. आई लगबगीनं आत आली. "माझ्याही भांड्यांना लाव रे. कळू दे एकदा सगळ्यांना!"

दोन्हीकडच्या एकाही भांड्याला लोहचुंबक चिकटला नाही. सामना बरोबरीत सुटला. दोघींचे चेहरे खुलले, माझा पडला. तेवढ्यात भिंगरीनं स्टुलावर चढून कपाटावरचा ट्रे खाली ओढला.

हा ट्रे म्हणजे साधासुधा ट्रे नव्हे! आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा सासूबाईंनी तो बायकोला दिला होता. खिडकीएवढा रुंद, आरशासारखा चकचकीत आणि खालच्या बाजूला लाल मखमल! "आमच्या ओळखीतला आहे. अस्सल! तीन पिढ्या हलणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. हलला नव्हताच. त्याच्या तोलामोलाचा पाहुणा आजवर आला नसल्यामुळे तो कागदात गुंडाळून कपाटावरच होता.

भिंगरीनं कागद बाजूला केला आणि लोहचुंबक टेकवला.

टक!

"बाबा, चिकटला!" ती आनंदानं किंचाळली. "आजीचा ट्रे नकली आहे!"

मी टाळी वाजवणार होतो. पण बायकोचा चेहरा दिसला आणि हात तसेच खिशात घातले. आईनं ट्रेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पदर सारखा केला.

"मी काही म्हणत नाही हो," ती म्हणाली.

आमच्या घरात याहून भयंकर वाक्य नाही. एरवी आई पुष्कळ काही म्हणते, आणि त्यानं कोणाचं काही बिघडत नाही.

बायकोनं मला बाजूला घेतलं. "माझ्या आईला हे कळलं तर ती पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. ट्रे होता तिथे ठेवा!"

"आणि भिंगरीचा बोर्ड?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. भिंगरीनं ट्रेवर तिचं एक चित्रही लावलं होतं. त्यात आम्ही सगळे ओळीनं उभे होतो, दोन्ही आज्यांसकट, आणि लोहचुंबक नेमका माझ्या डोक्यावर होता.

"रंग द्या त्याला," शेवटी बायको म्हणाली. "असा द्या, की आईच काय, ट्रे बनवणारासुद्धा ओळखणार नाही."

मी कामाला लागलो. ट्रे बादलीत बुडवून खसाखसा धुतला. मखमल भिजली, पण तिकडे कोण बघतो! भिंतीचा उरलेला पिवळा रंग दोन हात दिला. मखमलीची बाजू भिंतीकडे केली, म्हणजे नव्या रंगाला ओरखडा नाही. कडेला दोन भोकं पाडून तार ओवली आणि ट्रे खिडकीवरच्या पडद्याच्या दांडीला लटकवला. काय दिसत होता म्हणून सांगू!

प्रश्न एकच उरला. चित्रं पंधरा आणि लोहचुंबक एक. मी घरभर नजर फिरवली. पुन्हा सांगतो, नजर लागते! स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या प्रत्येक दाराला आतून एक छोटा लोहचुंबक असतो. वर्षानुवर्षं अंधारात बसलेला. कोणाला दिसत नाही, कोणी विचारत नाही. रविवारी दुपारी पेचकस घेऊन मी चौदा काढले. बायको तेव्हा बाजारात गेली होती, म्हणून तिला विचारायचं राहून गेलं.

मग भिंगरीला समोर बसवून बजावलं, "ट्रे आजीचा आहे, हे आजीला सांगायचं नाही."

"नाही सांगणार," भिंगरी म्हणाली. आमची लेक शब्दाची पक्की आहे.

चारला पाचही मैत्रिणी आल्या. बोर्ड बघून त्यांनी एकसुरात "आऽऽ!" केलं. एकीनं चित्र काढलं, दुसरीकडे लावलं. टक! मग सगळ्यांनाच लावायचं होतं. "आमच्या बोर्डवरची चित्रं हलवता येत नाहीत," दिव्यांच्या बोर्डवाली हळूच म्हणाली. भिंगरी माझ्याकडे बघून अशी हसली की माझ्या शनिवारचं सोनं झालं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. नातीचं प्रदर्शन त्या थोड्याच चुकवणार! बायको त्यांना पाणी आणायला आत गेली, आणि आतून धडाधड डबे कोसळल्याचा आवाज आला.

"अहोऽऽ! दारं का लागत नाहीयेत? एक लावलं की दुसरं उघडतंय!"

"आलो, आलो!" मी म्हणालो. पण सासूबाईंनी वाट अडवली.

"जावईबापू, बोर्ड फार सुरेख झालाय हं! कशाचा केलात?"

"असंच... घरातलंच... काहीतरी टाकाऊ."

"आजी, मला एक गोष्ट सांगायची नाही असं सांगितलंय," भिंगरी म्हणाली.

"कोणती गं?"

"की हा तुझा ट्रे आहे. आणि बाबा, टाकाऊ काय म्हणतोस? टाकाऊ नाही, नकली आहे तो!"

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पडला मात्र आतला आणखी एक डबा. सासूबाईंचा चेहरा मखमलीइतका लाल झाला.

"नकली? मी दिलेला ट्रे?" त्यांनी चित्रांसकट बोर्ड खाली उतरवून उलटा केला. एकही चित्र पडलं नाही, हे अशाही वेळी माझ्या लक्षात आलं. "ही बघा मखमल! नकली वस्तूला कोणी मखमल लावतं का?" असं म्हणत त्यांनी मखमलीवर हात आपटला. आदल्या दिवशीच्या आंघोळीनं आधीच सुटत आलेली मखमल अख्खी त्यांच्या हातात आली. खाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. भिंगरीनं मोठ्यानं वाचली.

"आईस... सप्रेम... पहिल्या... पगारातून."

माझी आई हळूच दाराकडे सरकली.

"विहीणबाई, थांबा!" सासूबाई कडाडल्या. "हा ट्रे मी विकत घेतलेलाच नाही. लग्नात तुम्हीच मला दिला होता!"

"आई!" बायको धावत बाहेर आली. "तू तर ओळखीतला म्हणाली होतीस!"

"मग? ओळखीतलाच नाही का?"

सगळ्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तूच आणला होतास तो," ती म्हणाली. "पहिला पगार झाला त्या दिवशी, पळत आलास. म्हणालास, दुकानदार फसवायला बघत होता, पण मी बरोबर अस्सल तोच उचलला, नावसुद्धा घालून आणलं. दुसऱ्याच दिवशी शेजारणीनं लोहचुंबक लावून दाखवला. तुझा तो चेहरा आठवून मला काही सांगवेना रे! घरात ठेवला असता तर तू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसला असतास. म्हणून नावावर मखमल चिकटवली आणि..."

"आणि आमच्याकडे पाठवलात," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या. पदर सारखा केला. "मी काही म्हणत नाही हो!"

आधी आईला हसू फुटलं, मग सासूबाईंना. मग त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून जे हसत सुटल्या, ते थांबेनात. दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होतो.

बोर्ड पुन्हा दांडीवर चढला. मुलींना मात्र आता नवा खेळ सापडला होता. स्पीकरचा लोहचुंबक घेऊन त्या दिसेल त्याला लावत सुटल्या. अस्सल! नकली! अस्सल! मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो होतो. भिंगरीला माझी दया आली असावी. तिनं येऊन लोहचुंबक माझ्या छातीला लावला, दाबला, सोडला. तो खाली पडला.

"बाबाला चिकटत नाही!" ती ओरडली. "माझा बाबा अस्सल आहे!"

मी मान वर करून सगळ्यांकडे अभिमानानं पाहिलं.

"लाकडालाही चिकटत नाही गं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. तिनं दोन दारं दोन हातांनी आणि तिसरं पाठीनं दाबून धरलं होतं.